पोरगी म्हणतीय डार्ट्समध्येच करिअर करायचं: तासगावच्या दादांना जरा लांबलेलं उत्तर

तासगावहून एका दादांनी विचारलंय. मुलगी दहावीत आहे, दोन वर्षांपूर्वी मामाने पुण्याहून डार्ट्सचा, म्हणजे हाताने छोटे बाण फेकायच्या खेळाचा, बोर्ड आणून दिला, तेव्हापासून रोज संध्याकाळी दोन-दोन तास टाकत बसते, मोबाईलवर इंग्लंडच्या बो ग्रीव्ज या खेळाडूच्या मॅच बघते आणि परवा जेवताना सरळ म्हणाली की मला हेच करायचंय. आता दादांचे प्रश्न तीन. यात करिअर असतं का, पैसा मिळतो का, आणि शेजारी साताऱ्यात आर्चरीचं एवढं चाललंय तर नेम चांगला असलेल्या पोरीला तिकडंच वळवावं का.

दादा, आधी कोण बोलतंय ते सांगते. मी मिरजेत नर्सिंग केलं आणि पुढं बरीच वर्षं इंग्लंडमध्ये नर्स होते. तिथं उत्तरेकडच्या एका गावात पबच्या लीगमध्ये नऊ सीझन खेळले. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, बायकांच्या बी टीमपर्यंत मजल गेली, त्याच्या वर नाही. २०१५ ला सांगलीला परत आले आणि तेव्हापासून दोन खोल्यांत चार बोर्ड लावून पोरींना शिकवते. म्हणजे मी चॅम्पियन वगैरे काही नाही, पण चॅम्पियन पोरींशी खेळून हरलेली नक्की आहे, आणि हरलेल्या माणसाला कुठं कमी पडलो ते जास्त नीट आठवतं.

आर्चरीचं पहिल्यांदा संपवते, कारण ते सोपं आहे. नोकरी, कोटा, सर्टिफिकेट या हिशोबाने बघत असाल तर आर्चरी, प्रश्नच नाही. शेरेवाडीची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंडची (चाकं लावलेल्या धनुष्याची) वर्ल्ड चॅम्पियन झाली, फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला, २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिक्स्ड टीमसुद्धा येतीय. डार्ट्स ऑलिम्पिकमध्ये नाही, एशियन गेम्समध्ये नाही, कॉमनवेल्थमध्येही नाही. सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्याचं कुणी गोड बोलून सांगितलं तर आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या ऑफिसात जा, मान्यताप्राप्त खेळांची यादी स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मगच विश्वास ठेवा. पण एक लक्षात घ्या, नेम चांगला म्हणजे दोन्ही खेळ सारखे असं नसतंय. आर्चरीत बाण सोडला की पुढचा बाण पुन्हा त्याच पिवळ्यावर. डार्ट्समध्ये ५०१ मधून मार्क वजा करत बरोबर शून्यावर यायचं असतं, त्यामुळं दर बाणागणिक बेरीज-वजाबाकी बदलते आणि टार्गेट उठून दुसरीकडं जाऊन बसतं. काही पोरांना ते आवडतं, काहींना त्याचा वैताग येतो. तुमच्या पोरीला आवडतंय असं दिसतंय, नाहीतर दोन वर्षं टिकली नसती.

आता पैसा. डार्ट्समध्ये पैसा आहे आणि लई आहे, पण तो कुणाच्या खिशात जातो ते बघा. पुरुषांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९७८ ला सुरू झाली, बायकांची २००१ ला. मध्ये तेवीस वर्षं गेली. ती पहिली जिंकली ट्रिना गलिव्हरने, ती धरून सलग सात वर्षं तीच जिंकत राहिली आणि एकूण दहा वेळा झाली. दहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन! आपल्याकडं एखादा पैलवान दोनदा महाराष्ट्र केसरी झाला तर गावात कमान लागते. ट्रिना मुळात सुतारकाम शिकलेली बाई. डेटा हेडमन म्हणून जमैकात जन्मलेली एक खेळाडू आहे, इंग्लंडकडून खेळली, पोस्टात रात्रपाळी करून खेळली, २०१२ ते २०१६ मध्ये तीनदा वर्ल्ड फायनलला पोचली आणि तिन्ही वेळा हरली. मी स्वतः नाईट ड्युटी करून मॅचला गेलेली आहे, त्यामुळं माझ्यासाठी सगळ्यात मोठी खेळाडू तीच. फॅलन शेरॉक हेअरड्रेसर होती. सांगायचं काय तर या खेळात बाईचं करिअर म्हणजे एक नोकरी आणि तिच्या शेजारी खेळ, असंच बहुतेकींचं गेलंय आणि यात कमीपणा काही नाही.

हाच हिशोब एका महिन्यात कसा उघडा पडला ते सांगते. १७ डिसेंबर २०१९, लंडनमधलं अलेक्झांड्रा पॅलेस. पुरुषांच्याच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पीडीसी या व्यावसायिक संघटनेच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये शेरॉक टेड एव्हेट्सविरुद्ध सेटमध्ये १-२ अशी मागे होती आणि तिथून ३-२ ने जिंकली. त्या स्पर्धेत मॅच जिंकलेली पहिली बाई. चार दिवसांनी मेन्सुर सुल्योविचला हरवलं, तो तेव्हा जगातल्या वरच्या खेळाडूंत होता. तिसऱ्या राउंडला क्रिस डोबीकडून हरली, आणि हरून मिळाले २५ हजार पौंड, तेव्हाच्या भावाने तेवीस-चोवीस लाख. आणि त्याच सुमारास, जानेवारी २०२० ला, बीडीओ या दुसऱ्या, जुन्या संघटनेची बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप जपानच्या मिकुरू सुझुकीने जिंकली, तिला जिंकून मिळाले ८ हजार पौंड. बायकांमध्ये जगात पहिली येणं पुरुषांमध्ये तिसऱ्या राउंडला हरण्याच्या एक तृतीयांश भावाने गेलं, सांगा आता. त्याच वर्षी बीडीओचं दुकानही बंद झालं. त्यानंतर सुधारणा झालीय, नाही म्हणत नाही, २०२० पासून पीडीसीने विमेन्स सिरीज सुरू केली, एका वीकेंडला चार-चार स्पर्धा असतात, २०२२ पासून बायकांचं वर्ल्ड मॅचप्ले आहे, त्याच्या पहिल्या विजेतीला १० हजार पौंड मिळाले. पण हे सगळं भरतं बहुतेक इंग्लंडात. तुमच्या द्राक्षाच्या हिशोबात सांगायचं तर माल चांगला असला तरी बाजार सात हजार किलोमीटरवर आहे आणि भाडं तुमचं. व्हिसा, तिकीट, राहणं धरून एका वीकेंडला दीड-दोन लाख सहज जातात आणि पहिल्या राउंडला हरलं की बक्षीस शून्य.

मग वाटेल ही बाई नाहीच म्हणतीय. तसं नाही, खरा मुद्दा आता येतोय.

लोक विचारतात बायका मागं का, यात तर ताकद लागत नाही. बावीस-तेवीस ग्रॅमचा बाण, २.३७ मीटर अंतर, काय ताकद लागणार. बरोबर आहे, हाताने बायका कुठंच मागं नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तुमच्या पोरीच्या त्या बो ग्रीव्जने वर्ल्ड यूथ चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलला ल्यूक लिटलरला ६-५ ने हरवलं, तेव्हा तो मोठ्यांचा वर्ल्ड चॅम्पियन होता, आणि तो ढिला खेळला म्हणून नाही, दोघांचाही अॅव्हरेज (दर तीन बाणांमागचे सरासरी मार्क) शंभराच्या वर होता. हात सारखाच आहे. फरक पडतो तो अकराव्या लेगला, म्हणजे ५०१ च्या अकराव्या डावाला, ५-५ असताना, समोरच्याचे बत्तीस उरलेत आणि आपले चाळीस, अशा वेळा आयुष्यात किती आल्या त्याने. पुरुषांच्या वाट्याला ती वेळ बाराव्या वर्षापासून आठवड्यातून दहादा येते कारण बापाबरोबर पबमध्ये जातात. बाईच्या वाट्याला वर्षातून दहादा.

मला हे कसं कळलं ते सांगते. माझ्या त्या पबमध्ये नियम होता की हरला त्याने पुढच्या मॅचचे मार्क खडूने पाटीवर लिहायचे. मी पहिला सीझन जवळजवळ सगळा हरले, म्हणजे वर्षभर पाटीजवळ उभी. लाज वाटायची, इंग्रजी आकडे पटपट कळायचे नाहीत, एकशे एकोणचाळीसमधून सत्त्याण्णव गेले किती, लवकर लिही बाई, मागं सगळे ग्लास घेऊन उभे. मी मनातल्या मनात मराठीत वजाबाकी करायचे आणि इंग्रजीत लिहायचे. पण त्या एका वर्षात मी पाचेकशे मॅच अगदी बोर्डाच्या कानाशी उभं राहून बघितल्या. कोण कधी घाबरतो, कोण साठ उरले की वीस मारून चाळीस ठेवतो, कोण डबल (बोर्डाच्या कडेची दुप्पट मार्कांची पट्टी) चुकल्यावर पुढचा बाण घाईत सोडतो, सगळं. खेळायला मी त्या पाटीजवळ शिकले. नंतर बायकांच्या टीममध्ये गेले तर तिथं आठवड्याला एकच मॅच, तीही बेस्ट ऑफ थ्री, दोन लेग जिंकले की झालं, घरी. ज्या पोरी पुढं गेल्या त्या सगळ्या भावाबरोबर, बापाबरोबर, पुरुषांच्या लीगमध्ये शिरून खेळलेल्या होत्या. बोल्टनची लिसा अॅश्टन चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाल्यावरसुद्धा २०२० च्या जानेवारीत क्यू-स्कूल या पीडीसीच्या पात्रता स्पर्धेला गेली आणि शेकडो पुरुषांत खेळून टूर कार्ड, म्हणजे त्यांच्या टूरवर खेळायचा परवाना, मिळवलं, ते मिळवणारी पहिली बाई. चार टायटल असताना कशाला गेली? मॅच मिळाव्यात म्हणून, दुसरं काय.

आणि पबच पाहिजे असं काही नाही. सुझुकी सॉफ्ट-टिपवाली, म्हणजे जपानमधल्या त्या प्लास्टिक टोकाच्या इलेक्ट्रॉनिक मशीनवर घडलेली पोरगी. २०१९ ला पहिल्यांदाच वर्ल्ड चॅम्पियनशिपला आली आणि जिंकून गेली. तिथं मशीन गल्लोगल्ली, रोज कुणीतरी समोर उभं. रोज कुणीतरी समोर उभं पाहिजे, एवढंच लागतंय, मग तो पब असो नाहीतर तासगावचं तुमचं बेदाण्याचं शेड.

आपल्याकडं मात्र स्पर्धांचं काय असतं बघा. एका शहरात, नाव घेत नाही, मी चार पोरी घेऊन गेले होते. पुरुषांचे सामने सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत. बायकांचा गट दुपारी जेवणानंतर, एका बोर्डावर, बेस्ट ऑफ थ्री, सव्वा तासात फायनल, कारण पाहुणे यायचे होते. बोर्डाची उंची कमी होती, मी टेप लावून दाखवली तर म्हणाले मॅडम बायकांसाठी जरा खालीच ठेवलाय. पुरुषांना रोख रक्कम आणि आमच्या पोरीला डिनर सेट. तो सेट तिच्या आईने अजून बॉक्समधून काढलेला नाही, पोरीच्या लग्नात द्यायचा म्हणे.

म्हणून तुम्ही करायचं काय, तर पोरीला समोर माणूस मिळवून द्यायचा. तुम्ही स्वतः खेळा, मामाला बोलवा, शेजारची पोरं बोलवा, ५०१ खेळा, डबलवर संपवा, हरल्यावर भडंगाची पैज लावा, काहीतरी पणाला असू दे. एकटीने दोन तास ट्रेबल वीसवर (विसाच्या तिप्पट, म्हणजे साठ मार्कांच्या पट्टीवर) टाकण्याचा फायदा एका मर्यादेपर्यंतच होतो. आणि सगळ्या पोरी तेच करतात, कारण साठ पडले की छान वाटतं, व्हिडिओ काढता येतो. मी माझ्याकडं पहिल्या सहा महिन्यांत १८० चा (तिन्ही बाण ट्रेबल वीसमध्ये पडल्याचा) फोटोसुद्धा काढू देत नाही.

डबलचं थोडं सविस्तर सांगते कारण मॅच तिथंच जाते. डबलची पट्टी आठ मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. शेवटचा बाण त्यातच, नाहीतर पन्नास मार्कांच्या बुलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मधल्या बिंदूत, पडला पाहिजे, नाहीतर पाचशे एक कमी केलेत ते सगळं पाण्यात. आता पोरीला विचारा, चाळीस आवडतात की बत्तीस. चाळीसला डबल वीस, चुकून आत सिंगल वीस पडला तर उरले वीस, डबल दहा, पुन्हा आत पडला तर दहा, डबल पाच, पुन्हा आत पडला तर उरले पाच. विषम! आता आधी एक मारा आणि मग डबल दोन, बाण वाया. बत्तीसला डबल सोळा, आत पडला तर सोळा, मग आठ, मग चार, मग दोन, शेवटपर्यंत निम्मं होत जातं, विषम येतच नाही. हे जिला कोणी न सांगता कळलं असेल तिच्यात काहीतरी आहे. बेदाण्याच्या सौद्यात बापाशेजारी बसून हिशोब ऐकलेल्या पोरी यात पटाईत निघतात हा माझा अनुभव, शहरातल्या पोरी कॅल्क्युलेटर काढतात. १६९ उरले तर तीन बाणांत संपत नाहीत, १७० संपतात, दोन ट्रेबल वीस आणि बुल, हे तिला पाठ असेलच, पण विचारून बघा.

सरावाची वही ठेवायला लावा. रोज वीस डबल एकापाठोपाठ, एक ते वीस, प्रत्येकाला किती बाण लागले ते लिहायचं, बस. अॅव्हरेज मोजायचा मोह नंतर. तरी अंदाज म्हणून, तीन बाणांचा अॅव्हरेज ६० म्हणजे ५०१ संपायला साधारण पंचवीस बाण, ८० म्हणजे एकोणीसच्या आसपास. मॅचमध्ये साठ, लक्षात घ्या मॅचमध्ये, घरातल्या भिंतीसमोर नाही, तर आपल्याकडं बायकांच्या गटात ती कुणालाही घाम फोडेल. पंच्याऐंशी सतत पडायला लागले की मग पासपोर्ट काढा.

बोर्ड नीट लावलाय का ते आजच बघा. बुलचा मधला बिंदू जमिनीपासून १.७३ मीटर, बाण टाकताना उभं राहायची रेषा बोर्डाच्या पुढच्या तोंडापासून २.३७ मीटर. सगळे भिंतीपासून मोजतात, तिथं दीड-दोन इंच चुकतात आणि मग पोरगी दुसरीकडं गेली की तिचे सगळे बाण खाली पडतात. पडताळा म्हणून बुलपासून रेषेपर्यंत तिरकी दोरी धरा, २.९३ आली पाहिजे. मॅग्नेटवाला बोर्ड असेल तर तो काढून भाच्याला द्या. सिसलचा (झाडाच्या तंतूंचा) ब्रिसल बोर्ड साडेतीन-चार हजारात येतो, टंगस्टनचे बाण दोन-अडीच हजारांत, बागेच्या एका फवारणीला याहून जास्त जात असतील. आणि बोर्डावर पाणी मारू नका, कुणीतरी जुना माणूस सांगतोच की ओला केला की भोकं बुजतात. ते पूर्वीच्या लाकडी बोर्डाचं. सिसल फुगतो. मला हे फार महागात कळलंय, ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावभागातली माझी तेव्हाची खोली छातीएवढ्या पाण्यात होती, पाणी उतरल्यावर दार उघडलं तर चारही बोर्ड पुऱ्यांसारखे टम्म फुगलेले, तारा सुटलेल्या, आणि सगळीकडं तो कृष्णेचा चिखल. डिसेंबरला शेरॉक जिंकली तेव्हा आमच्याकडं दोनच बोर्ड आले होते, विश्रामबागेत नवी खोली घेतली होती, दुसऱ्या दिवशी सहा पोरी माझ्या मोबाईलभोवती डोकं घालून ती मॅच बघत होत्या आणि शेवटच्या डबल अठराला एक जण ओरडली ती अजून माझ्या कानात आहे.

ती ओरडलेली पोरगी कुपवाडची. तिच्याबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण याची तयारी आईबापांची नसते. चांगली खेळायची, माझ्याकडची सगळ्यात चांगली. एक दिवस हात उचलला आणि बाण सुटेना. हात कोपरात थांबला, पुढं जाईना, पुन्हा मागं, पुन्हा पुढं, सोडताच येईना. याला डार्टायटिस म्हणतात, हसण्यावारी नेऊ नका, एरिक ब्रिस्टोसारखा पाच वेळचा वर्ल्ड चॅम्पियन यात अडकला होता आणि बो ग्रीव्जसुद्धा शाळकरी वयात यातून गेलीय. हाताला काही झालेलं नसतं. घरचे म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणालं नाटक करतीय, बापाने तर एकदा बाण हातातून ओढून घेतले. मी तिला तीन महिने बोर्डच बघू दिला नाही. मग रेषेच्या अर्ध्या अंतरावरून, डोळे मिटून, मार्क न मोजता, नुसतं सोडायचं. कधी एक बाण टाकून थांबायचं. आठ महिने लागले आणि पहिल्यासारखा हात आला नाही, वेगळा आला, जरा झटक्याचा, पण तिचा. आता दिवसा मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, संध्याकाळी माझ्याकडं लहान पोरींना शिकवते आणि पुरुषांत खेळते. तिला विचारलं तर ती म्हणेल माझं करिअर चाललंय की.

दहावी-बारावी मात्र सोडू देऊ नका, यावर माझ्याशी वाद घालू नका. नर्सिंग, फिजिओ, अकाउंट्स, शिफ्टमध्ये काम मिळेल आणि परदेशात चालेल असं काहीतरी शिकू दे. मी आयुष्यात एवढं डार्ट्स खेळले ते नर्सिंगच्या जोरावर, खेळाने मला इंग्लंडला नेलं नाही, नोकरीने नेलं, आणि तिथं गेल्यावर बोर्ड समोर आला. सतराव्या-अठराव्या वर्षी ती मॅचमध्ये पंच्याऐंशीला पोचली तर एकदा स्वतः खर्च करून विमेन्स सिरीजचा एक वीकेंड खेळवून आणू, मी येते बरोबर, राहायची सोय माझ्या ओळखीत होईल. नाही पोचली तर तिच्या हातात डिग्री आहेच, आणि डार्ट्स साठाव्या वर्षीही खेळता येतं, डेटा हेडमन साठी ओलांडल्यावरसुद्धा खेळतेच आहे.

एका रविवारी सकाळी दहाला तिला घेऊन या. बाण स्वतःचे आणायचे, वही आणायची, डबे आणलेत तर चालतील कारण दुपार होते. कुपवाडच्या पोरीबरोबर बेस्ट ऑफ एकवीस लेग लावू. तुमच्यासाठी फळा आणि खडू ठेवते, मार्क तुम्ही लिहायचे.